आत्याच्या टीव्हीसाठी बॉक्स: डीडी फ्री डिश घेताना काय बघावं

"ह्यात नुसत्या मुंग्याच दिसत्यात गं," आत्याने फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं, वाऱ्याने अँटेना फिरला असेल. पाटण तालुक्यातल्या तिच्या घरी कौलांवर बांबूला बांधलेला अँटेना माझ्या लहानपणापासून आहे. शेजारचा मुलगा वर चढला, त्याने चारी दिशांना फिरवून पाहिला, काही आलं नाही. येणारही नव्हतं. दूरदर्शनचे जमिनीवरचे जुने ॲनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद होत आले होते. मार्च २०२२ पर्यंत मोजकी ठिकाणं सोडून बाकी सगळे बंद करायचे असं दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने जाहीर केलं होतं. ते आत्यापर्यंत पोचलं नव्हतं. कितीतरी दिवस ती संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला टीव्ही लावायची, थोडा वेळ वाट बघायची आणि बंद करायची.

मी घाईत ऑनलाइन एक बॉक्स मागवला. जाहिरातीत "फ्री डिजिटल सेटटॉप बॉक्स, महिन्याचा खर्च नाही" असं लिहिलं होतं. तो गावात नेऊन जोडला आणि एकही चॅनल लागला नाही, कारण तो वेगळ्याच प्रकारच्या प्रक्षेपणाचा होता. तेव्हापासून मी डीडी फ्री डिश, म्हणजे छत्रीतून (डिश अँटेनातून) फुकट चॅनल देणारी दूरदर्शनची सेवा, नीट समजून घेतली. पुढे त्याच वाडीत आणखी पाच घरांत बॉक्स घेऊन दिले आणि छत्र्या बसवल्या. ज्यांच्या गावाकडे आई-वडील, मावशी, आजोबा जुन्या टीव्हीसमोर बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बॉक्सची खरेदी दुकानात सुरू होत नाही. ती घरातल्या टीव्हीच्या पाठीमागे आणि अंगणात सुरू होते. या दोन जागा आधी बघून घेतल्या तर दुकानात पाच मिनिटांचं काम उरतं.

आधी माझी चूक, म्हणजे तुमची होणार नाही. "डिजिटल सेटटॉप बॉक्स" या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. खोक्यावर "डीव्हीबी" ही अक्षरं असतात आणि त्यापुढे एस, सी किंवा टी. एस म्हणजे उपग्रहावरून, छत्रीतून येणारा सिग्नल. सी म्हणजे केबलवाल्याच्या वायरमधून येणारा. टी म्हणजे जमिनीवरच्या मनोऱ्यावरून साध्या अँटेनाने पकडायचा. मी आणलेला बॉक्स टी-टू होता. दूरदर्शनने २०१६ मध्ये देशातल्या १६ शहरांत असं प्रक्षेपण सुरू केलं, त्यात महाराष्ट्रातली मुंबई आणि औरंगाबाद ही दोनच शहरं होती. पाटणच्या डोंगरात त्याचा काय उपयोग? डीडी फ्री डिशसाठी खोक्यावर डीव्हीबी-एस-टू लिहिलेलं पाहिजे. ते एक अक्षर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

तसंच शहरातल्या घरी माळ्यावर पडलेला केबलवाल्याचा जुना बॉक्स गावी नेऊ नका. मुंबईत २०१२ च्या अखेरीस आणि पुणे, नाशिक, नागपूरकडे २०१३ मध्ये केबल डिजिटल झाली तेव्हा घरोघरी बसवलेले ते बॉक्स सी प्रकारचे आहेत, छत्रीची वायर त्यांना चालत नाही. डीटीएच कंपनीचा बंद पडलेला बॉक्स असेल तर तो त्या कंपनीच्या कुलपात बांधलेला असतो, त्यावरही विसंबू नका. त्या कंपनीची छत्री, तिच्या तोंडाशी असलेला एलएनबी (सिग्नल पकडणारा छोटा डबा) आणि वायर मात्र खुशाल वापरा. आमच्या वाडीत दोन घरांना फक्त बॉक्स घ्यावा लागला, बाकी सगळं पत्र्यावर गंजत पडलेलंच होतं.

आता टीव्हीच्या पाठीमागे जा. बॅटरी घेऊन जा, कारण तिथे अंधार आणि जाळी असतात.

टीव्ही अलीकडचा, सपाट एलईडी असेल तर आधी एक बघा: बॉक्स लागणारच आहे का? काही टीव्हींमध्ये उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो. मागे अँटेनाच्या भोकाशेजारी दुसरं, आटे असलेलं गोल तोंड असेल आणि त्यावर सॅटेलाइट किंवा एलएनबी असं लिहिलेलं असेल, तर छत्रीची वायर थेट तिथे लागते. मेनूमध्ये ट्यूनर किंवा चॅनल शोधण्याच्या जागी "सॅटेलाइट" हा पर्याय दिसला की खात्री झाली. आमच्याकडे एका घरी बॉक्स आणला आणि तसाच परत द्यावा लागला, कारण टीव्हीतच सगळं होतं. एकच रिमोट, एकच बटण. म्हाताऱ्या माणसाला याहून सोपं काही नाही.

ट्यूनर नसेल, पण एचडीएमआयची चपटी भोकं असतील, तर एचडी बॉक्स घ्या. चित्र स्वच्छ येतं आणि एकाच वायरीतून आवाजही जातो.

आत्याच्यासारखा जुना डब्याचा टीव्ही असेल तर पिवळी, पांढरी आणि लाल अशी तीन गोल भोकं शोधा. ती कधी मागे नसून पुढे, झाकणाखाली असतात. पिवळं चित्राचं, बाकी दोन आवाजाची. काही टीव्हींना आवाजाचं एकच भोक असतं, मग पांढरी पिन त्यात लावायची आणि लाल मोकळी सोडायची. बॉक्स घेताना त्यालाही अशी एव्हीची सोय आहे ना, ते बघा. हल्ली लहान बॉक्सना तीन भोकांऐवजी हेडफोनसारखं एकच बारीक भोक असतं आणि सोबत एका टोकाला तीन रंगांच्या पिना असलेली वायर येते. ती वायर जपून ठेवा. दिसायला तशीच दुसरी वायर बाजारात मिळते, पण आतली जोडणी वेगळी असू शकते. मग चित्राच्या पिनेतून आवाज येतो आणि माणूस बॉक्स बिघडला समजतो.

फारच जुन्या टीव्हीला ही रंगीत भोकंही नसतात, फक्त अँटेनाचं तोंड असतं. त्याला बॉक्स आणि टीव्हीच्या मध्ये आरएफ मॉड्युलेटर नावाची छोटी डबी लागते. ती मिळते, चालते, पण माझं स्पष्ट मत आहे की इतक्या जुन्या टीव्हीवर तो खर्च करण्यापेक्षा शहरातल्या कुणाचा तरी वापरात नसलेला टीव्ही गावी न्यावा.

टीव्हीच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढा. दुकानदाराला तोंडी वर्णन करण्यापेक्षा तो दाखवा.

मग अंगणात या. फ्री डिशचे चॅनल जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो विषुववृत्ताच्या वर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे आपल्यापेक्षा बराच पूर्वेला. पश्चिम महाराष्ट्रातून बघितलं तर तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण साठ अंश वर येतो. मोबाइलमधल्या होकायंत्राने आग्नेय काढा, मान बरीच वर करा, आणि त्या रेषेत आंबा, नारळ, शेजाऱ्याची पाण्याची टाकी काही आडवं येतं का ते बघा. नुसत्या पानांनीही सिग्नल अडतो, विशेषतः पावसात ओली झाल्यावर. फांदी आज लांब असली तरी दोन वर्षांनी कुठे असेल याचा विचार करा.

याची एक सुंदर परीक्षा निसर्ग वर्षातून दोनदा फुकट देतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस, सकाळी अकराच्या सुमारास सूर्य आपल्याकडून बघताना जवळजवळ नेमका या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळेला अंगणात ज्या जागी झाडाची सावली नाही, ती जागा छत्रीला चालेल. त्या दिवसांत काही मिनिटं चित्र अडकतं, कारण सूर्याच्या गोंगाटात उपग्रहाचा आवाज बुडतो. आत्याने पहिल्या मार्चमध्ये घाबरून फोन केला होता. थोड्या वेळाने चित्र आपोआप येतं, कशालाही हात लावायचा नाही.

एवढं झालं की दुकानात जा. बॉक्समध्ये मुख्य निवड एमपेग-२ की एमपेग-४ ही आहे. चित्र दाबून लहान करण्याच्या या दोन पद्धती. एमपेग-२ जुनी, एमपेग-४ नवी. एमपेग-४ चा बॉक्स दोन्ही प्रकारचे चॅनल दाखवतो, एमपेग-२ चा बॉक्स फक्त जुन्या पद्धतीचे. फ्री डिशवर दोन्ही प्रकारचे चॅनल असतात. दुकानात एमपेग-२ चे स्वस्त बॉक्स अजून दिसतात आणि थोडे पैसे वाचतात म्हणून लोक तेच उचलतात. मग शेजारच्या घरी लागतो तो चॅनल आपल्याकडे का लागत नाही, याचं उत्तर सापडत नाही. खोक्यावर एमपेग-४ किंवा एच.२६४ यांपैकी काहीतरी छापलेलं हवंच. काही बॉक्सवर डीडी फ्री डिशचं चिन्ह आणि आयकॅस असं लिहिलेलं असतं. ते प्रसार भारतीची मान्यता असलेल्या कंपन्यांचे बॉक्स. तसा मिळाला तर तो घ्या.

पैशांचं सांगायचं तर छत्री, एलएनबी, वायर, बॉक्स आणि बसवणं मिळून दोन हजारांच्या आसपास एकदाच खर्च येतो. त्यानंतर महिन्याला काही नाही, वर्षालाही काही नाही. हे मी जोर देऊन सांगते, कारण आमच्याच भागात एका बसवणाऱ्याने एका आजींकडून "वर्षाचा रिचार्ज" म्हणून पैसे घेतले होते. फ्री डिशला रिचार्ज नसतो. "चॅनल चालू ठेवायला नंबर सांगा" असा फोन आला तर ओटीपी, कार्डाचा नंबर काहीही सांगायचं नाही, हे घरातल्या मोठ्यांना आजच सांगून ठेवा. दुर्गम, आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागांत आठ लाखांहून जास्त बॉक्स फुकट वाटण्याची तरतूद केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केलेल्या योजनेत आहे. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात नातेवाईक असतील तर ग्रामपंचायतीत आधी विचारा.

दुकानात बॉक्स चालू करून मागा. चॅनल लागले नाहीत तरी मेनू दिसतो. रिमोट हातात घ्या आणि तो ज्या माणसासाठी आहे त्याच्या बोटांनी दाबल्यासारखा दाबा. आत्याची बोटं सांधेदुखीने वाकली आहेत. पहिल्या दुकानातल्या बॉक्सचा रिमोट तळहाताएवढा आणि बटणं तांदळाएवढी होती. मी तो घेतला नाही. दुसरीकडे शंभरेक रुपये जास्त गेले, पण अंक मोठे, ठळक आणि आवाजाची बटणं वेगळी असलेला मिळाला. तोच रिमोट नंतर सुटा मिळेल का, हेही विचारून ठेवा, कारण बॉक्सच्या आधी रिमोट जातो.

आणखी एक गोष्ट सगळ्यांनी बघावी: बॉक्सला वीज कशी मिळते? काहींची वायर थेट प्लगमध्ये जाते, काहींना १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर असतो. गावात व्होल्टेज वरखाली होतं. अडॅप्टरवाल्या बॉक्सचं जळायचंच असेल तर बहुधा अडॅप्टर जळतो, तो स्वस्तात बदलता येतो. शिवाय लाइट गेल्यावर १२ व्होल्टच्या बॅटरीवर किंवा सोलरवर असा बॉक्स चालवता येतो. बिल घ्या, वॉरंटी बिलावरच लिहून घ्या. तोंडी सहा महिन्यांना काही अर्थ नाही.

छत्री साठ सेंटीमीटरची पुरते. वायर आरजी-६ प्रकारची आणि एका तुकड्यात घ्या, मध्ये जोड नको. अंतर मोजून त्यात दोन-तीन मीटर वाढवा.

आता छत्री बसवणं. हे काम बसवणाऱ्याला दिलं तरी स्वतः शेजारी उभं राहा, कारण बिघाड झाला की तो माणूस लवकर येत नाही आणि तुम्हालाच करावं लागतं.

सगळ्यात आधी खांब. गवंड्याचा ओळंबा लावून तो दोन बाजूंनी अगदी सरळ उभा आहे का ते बघा. खांब तिरका असेल तर पुढची सगळी मेहनत वाया. छत्री आग्नेयेला वळवा. या छत्र्यांची नजर त्यांच्या चेहऱ्यापेक्षा बरीच वर असते. त्यामुळे छत्री समोरच्या डोंगराकडे बघते आहे असं वाटलं तरी ती प्रत्यक्षात आभाळात उंच बघत असते. म्हणून डोळ्यांवर जाऊ नका, मागच्या पट्टीवरचे अंशांचे आकडे बघा, तिथे साठच्या आसपास ठेवून सुरुवात करा. शेजारी कुणाची डिश टीव्हीची छत्री असेल तर तिचा उपयोग होतो. तो उपग्रह ९५ अंशांवर, म्हणजे आपल्या उपग्रहाच्या अगदी शेजारी आहे. सन डायरेक्ट तर त्याच ९३.५ वर आहे. टाटाची छत्री ८३ वर आणि एअरटेलची १०८.२ वर बघते, त्यांच्याकडे बघून आपली लावू नका.

वायर बॉक्सला जोडताना बॉक्सचा प्लग काढलेला ठेवा. त्याच वायरीतून बॉक्स एलएनबीला वीज पुरवतो. पिनेच्या मधल्या तारेला बाहेरच्या जाळीचा एक केस जरी चिकटला, तरी शॉर्ट होऊन बॉक्स जाऊ शकतो. जाळी नीट मागे वळवा, मधली तार पिनेच्या तोंडाबाहेर थोडीशीच ठेवा.

बॉक्सच्या मेनूत ९३.५ अंशांचा उपग्रह निवडा आणि एलएनबीचा प्रकार युनिव्हर्सल ठेवा, तिथे ९७५० आणि १०६०० असे दोन आकडे दिसतात. पडद्यावर दोन पट्ट्या येतील: स्ट्रेंथ आणि क्वालिटी. इथे सगळे फसतात. स्ट्रेंथ वर असणं म्हणजे एवढंच की वायर आणि एलएनबी जिवंत आहेत. छत्री भिंतीकडे केली तरी ती पट्टी भरलेली राहते. बघायची ती क्वालिटी. एक जण टीव्हीसमोर आणि एक छत्रीशी, मध्ये फोन चालू, असं ठेवा. छत्री अगदी थोडी सरकवा, तीन-चार सेकंद थांबा, मग पुन्हा थोडी. छत्रीच्या कडेला अर्धा सेंटीमीटर सरकवली म्हणजे आभाळात जवळजवळ एक अंश झाला. घाईने फिरवणाऱ्याला उपग्रह कधीच सापडत नाही, कारण बॉक्सला कळायच्या आत तो पुढे गेलेला असतो. डावीउजवीकडे नाही सापडला तर वरखाली एक अंश बदलून पुन्हा फेरी. आत्याकडे पहिल्यांदा मला पाऊण तास लागला, पाचव्या घरी दहा मिनिटं.

क्वालिटी आली की लगेच नट आवळू नका. एलएनबी त्याच्या पकडीत सैल करून हळूहळू गोल फिरवा. एका ठिकाणी क्वालिटी आणखी चढते, तिथे थांबा. बसवणारे ही पायरी बहुतेक वेळा गाळतात, आणि मग जरा आभाळ भरलं की चित्र चौकटी चौकटी होऊन अडकतं. कोयनेच्या पट्ट्यातल्या पावसात हा फरक फार जाणवतो. मुसळधार सरीत थोडा वेळ सिग्नल जाणारच, तो बॉक्सचा दोष नाही. पण रिमझिम पावसात जात असेल तर एलएनबी पुन्हा फिरवून बघा. मग सगळे नट थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. एकच नट पूर्ण आवळला की छत्री तेवढ्यात सरकते.

वायर घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी झोलावरून गळेल, आत येणार नाही. एलएनबीजवळच्या पिनेवर रबरी टोपी किंवा टेप हवाच.

चॅनल शोधताना "फक्त फ्री" असा पर्याय असेल तो निवडा, नाहीतर त्याच उपग्रहावरचे पैशांचे, न दिसणारे शेकडो चॅनल यादीत भरतात आणि म्हातारं माणूस काळ्या पडद्यांमध्ये हरवतं. यादीत सह्याद्री दिसलं की छत्री बरोबर जागी आहे. चित्र काळंपांढरं किंवा वरखाली धावणारं आलं तर मेनूत टीव्हीची पद्धत एनटीएससी (NTSC) वरून पाल (PAL) करा. जुन्या चौकोनी टीव्हीवर माणसं लांबट दिसली तर पडद्याचा आकार ४:३ करा.

फ्री डिशवरच्या खाजगी चॅनलांच्या जागा लिलावाने ठरतात, म्हणून १ एप्रिलच्या आसपास काही चॅनल जातात, काही नवे येतात. १ एप्रिल २०२२ ला मोठ्या कंपन्यांचे लोकप्रिय हिंदी चॅनल एकदम गेले होते, तेव्हा वाडीत सगळ्यांना वाटलं छत्री हलली. अशा वेळी छत्रीला हात न लावता पुन्हा एकदा चॅनल शोधायचे. अमुक मालिका कायम मिळेल म्हणून बॉक्स घेऊ नका. दूरदर्शनचे चॅनल, आकाशवाणी आणि मुलांचे शिक्षणाचे चॅनल मात्र हक्काचे. आत्याचा नातू त्यावरच गणिताचे तास बघतो.

सगळं झाल्यावर आवडीचे सात-आठ चॅनल फेव्हरिटमध्ये घाला आणि बाकीची यादी विसरा. टीव्हीच्या रिमोटवर फक्त चालू-बंदच्या बटणावर लाल टिकली चिकटवा, बॉक्सच्या रिमोटवर चॅनल आणि आवाजाच्या बटणांवर. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: आधी टीव्ही, मग बॉक्स, निळा पडदा आला तर टीव्हीच्या रिमोटवर एव्ही दाबायचं. विजा कडाडायला लागल्या की बॉक्सचा प्लग काढायचा आणि मग छत्रीची वायरही सोडायची, हे त्याच पुठ्ठ्यावर खाली. आत्याकडे तो पुठ्ठा देवघराच्या बाजूला खिळ्याला टांगलेला आहे, आणि त्याच्या मागे रबराने रिमोटच्या दोन जादा सेलची जोडी बांधून ठेवली आहे.